वर्गणी पालकांची, मैदान शाळेचं

अमेरिकेतल्या कुठल्याही बऱ्यापैकी मोठ्या सरकारी हायस्कूलच्या मागच्या बाजूला एप्रिलमधल्या दुपारी चारच्या सुमारास गेलं, की दोन मैदानं जागी झालेली दिसतात. एकावर मुलगे बेसबॉल खेळत असतात, दुसऱ्यावर मुली सॉफ्टबॉल. शर्टांवर नाव एकाच शाळेचं, रंगही तेच. न्यू जर्सीसारख्या राज्यात मार्चमध्ये बोचऱ्या थंडीत सराव सुरू होतो, एप्रिलमध्ये सामने लागतात, त्यातले काही पाऊस खातो, आणि जूनमध्ये राज्य पातळीवरचे अंतिम सामने झाले की हंगाम संपतो. दोन्ही संघांचं वेळापत्रक जवळपास सारखं, दोघांच्या सामन्यात इनिंग सातच.

मग फरक दिसायला लागतात. बेसबॉलच्या मैदानाला फ्लडलाइट, खेळाडूंना बसायला विटांचं पक्कं डगआउट, कॅचरच्या मागे वर उद्घोषकाची खोली, तिथून प्रत्येक बॅटरचं नाव लाउडस्पीकरवर पुकारलं जातं. सॉफ्टबॉलच्या मैदानाला जाळीचं कुंपण, एक साधा बाक, उन्हाला छप्पर नाही, आणि संडास म्हणजे पार्किंगच्या कडेला उभा केलेला प्लास्टिकचा खोका. उजेड गेला की सामना थांबतो. सगळीकडे असंच असतं असं मी म्हणत नाही. मुलींचं मैदान जास्त देखणं असलेल्या शाळाही आहेत. पण जिथे फरक असतो, तिथे तो बहुधा याच बाजूने झुकलेला असतो. आणि का म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘ते शाळेनं नाही हो केलेलं, बूस्टर क्लबनं केलंय.’

हे उत्तर ऐकून घेऊ नये, एवढंच मला या लेखात सांगायचं आहे. शाळेच्या नावाने, शाळेच्या जमिनीवर जे चालतं त्याचा हिशेब शाळेनेच द्यायचा. पालकांच्या वर्गणीकडे बोट दाखवून तो चुकवता येत नाही. पैशापुरतंच हे नाही. पोरांच्या खांद्यांचाही हिशेब त्यात येतो, पण त्याकडे नंतर वळू.

बूस्टर क्लब म्हणजे काय हे तिकडे न राहणाऱ्यांना आपल्या गल्लीतल्या गणपती मंडळावरून पटकन कळेल. संघातल्या मुलांचे आईवडील एकत्र येतात, सामन्याच्या वेळी हॉटडॉग, सूर्यफुलाच्या बिया, गेटोरेड विकतात, गावातल्या दंतवैद्याकडून आणि टायरच्या दुकानाकडून पैसे घेऊन त्यांचे फलक कुंपणाला लावतात. जमलेल्या पैशातून चेंडू फेकणारं पिचिंग मशीन येतं, फलंदाजीच्या सरावासाठी जाळीचा पिंजरा येतो, कधी अख्खा स्कोअरबोर्ड येतो. यात वाईट काहीच नाही. एका मुलाच्या वडिलांनी, मूळचे पुण्याचे, मला जरा चिडूनच सांगितलं होतं, ‘अहो, शनिवार-रविवार आम्ही स्वतः खांब रोवलेत तिथे. आता त्याचीही वाटणी करायची का?’ त्यांच्या हाताला फोड आले होते हे खरं आहे आणि त्यांचा राग मला समजतो. पण खांब रोवले ते कुणाच्या जमिनीत? संध्याकाळी त्या दिव्यांचं वीजबिल कोण भरतं? शाळेने जमीन दिली, परवानगी दिली, त्या क्षणी तो स्कोअरबोर्ड शाळेचा झाला.

हे माझं मत म्हणून बाजूला ठेवलं तरी न्यायालयाचंही हेच म्हणणं आहे. फ्लोरिडात केनेडी अवकाश केंद्राच्या शेजारी मेरिट आयलंड नावाचं गाव आहे. तिथल्या हायस्कूलच्या सॉफ्टबॉल संघातल्या दोन मुलींच्या वतीने 1997 मध्ये सरकारी शाळा चालवणाऱ्या ब्रेव्हर्ड काउंटीच्या शाळा-मंडळावर दावा दाखल झाला. न्यायाधीश अ‍ॅन कॉनवे यांच्यापुढे दोन मैदानांची तुलना आली. मुलांकडे इलेक्ट्रॉनिक स्कोअरबोर्ड, मुलींकडे नाही. मुलांकडे सरावाचा पिंजरा, उद्घोषकाची खोली, रात्रीचे दिवे. मुलींकडे यातलं काही नाही. प्रेक्षकांच्या बाकांपासून संडासांपर्यंत यादी लांबत गेली. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर किरकोळ वाटेल. न्यायाधीशांनी ती सुटी घेतली नाही; सगळं एकत्र ठेवून पाहिलं.

मंडळाचा बचाव तोच: एका बूस्टर क्लबला पैसे गोळा करायला जास्त जमलं, दुसऱ्याला कमी, यात आमचा काय दोष? न्यायालयाने हा मुद्दा साफ फेटाळला. निधी कुठूनही येवो, मुलामुलींना समान संधी मिळते की नाही हे पाहणं मंडळाचं काम, असा त्याचा अर्थ. पुढची गोष्ट तर आणखी बोलकी. मंडळाला सुधारणेचा आराखडा द्यायला सांगितलं, तेव्हा त्यांनी दिलेल्या आराखड्याचा रोख मुलींना काही देण्याऐवजी मुलांच्या सोयी बंद करून बरोबरी साधण्याकडे होता. दमडी खर्च होणार नाही आणि कागदावर दोघं समान! न्यायाधीशांनी त्यातला वास ओळखला. यातले बरेच उपाय सुधारणेपेक्षा सूड उगवल्यासारखे वाटतात आणि मुलामुलींना दोघांनाही शिक्षा करतात, असं त्यांनी नोंदवलं. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यांत उपयोगी भाग हाच आहे. कारण आजही कुणी मुलींच्या मैदानाबद्दल तोंड उघडलं, की बेसबॉलवाल्या पालकांच्या मनात पहिली भीती हीच येते, की आता आमचे दिवे काढणार. ती भीती घालून गप्प बसवणं हा मंडळांचा जुना डाव आहे.

ज्या कायद्यावर हे सगळं उभं आहे तो टायटल नाइन. 1972 च्या जूनमध्ये निक्सन यांनी त्यावर सही केली. मूळ वाक्य इंग्रजीत अवघ्या 37 शब्दांचं, आणि त्यात खेळाचं नावसुद्धा नाही. केंद्र सरकारचे पैसे घेणाऱ्या कुठल्याही शिक्षणसंस्थेत लिंगावरून कुणाला वगळायचं नाही, एवढंच. खेळाचे तपशील 1975 च्या नियमांत आले: साहित्य, सरावाच्या आणि सामन्याच्या वेळा, प्रवास, प्रशिक्षक, कपडे बदलायच्या खोल्या, मैदानं, वैद्यकीय मदत, प्रसिद्धी. त्याच नियमांत असंही आहे की दोन संघांवरचा एकूण खर्च वेगळा निघाला तर तेवढ्यावरून कायदा मोडला असं होत नाही. म्हणजे डॉलरला डॉलर जुळवायला कुणीच सांगितलेलं नाही.

ते योग्यच आहे, कारण खेळ एकसारखे नाहीत. बेसबॉलच्या बेसमध्ये, म्हणजे धावताना गाठायच्या ठिकाणांमध्ये, 90 फूट अंतर, सॉफ्टबॉलच्या 60. मुलगा मातीच्या उंचवट्यावरून साठ फूट सहा इंचांवरून चेंडू टाकतो. मुलगी सपाट जमिनीवर 43 फुटांवरून, हात खालून चक्रासारखा फिरवून. सॉफ्टबॉलचं कुंपण साधारण 200 फुटांवर पुरतं, बेसबॉलला तीनशेच्या पुढे लागतं. जागा कमी लागते म्हणून मैदान लहान असेल तर तक्रारीचं कारण नाही. संडास मात्र कुठल्या अंतराने ठरत नाही.

गर्दीचा मुद्दाही नेहमी निघतो. बेसबॉल बघायला लोक येतात, म्हणून बाक जास्त. हायस्कूलच्या साध्या सामन्यांना बहुतेक ठिकाणी तिकीट नसतं, त्यामुळे ‘बेसबॉल पैसे कमावतो’ हे इथे लागूच पडत नाही. राहिली गर्दी. बसायला जागा नाही, नाव पुकारलं जात नाही, सामना साडेतीनला सुरू होऊन आईवडील कामावरून सुटायच्या आत संपतो, आणि मग म्हणायचं की मुलींना बघायला कोणी येत नाही! मागणी नाही हे तर आकडेच खोटं ठरवतात. 1971–72 च्या वर्षी सगळ्या खेळांत मिळून तीन लाखांहून कमी मुली हायस्कूलच्या संघांत होत्या. आज एकट्या सॉफ्टबॉलमध्ये साडेतीन लाखांच्या आसपास आहेत. बेसबॉल खेळणारे मुलगे पावणेपाच लाखांच्या घरात. फरक आहे, पण एकीकडे पक्कं डगआउट आणि दुसरीकडे उघडा बाक असावा इतका नाही.

आता खांद्यांकडे येतो, कारण दिवे आणि डगआउट यांच्याबद्दल निदान बोललं तरी जातं.

2014 मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या एका हायस्कूलच्या मुलाने लांबलेल्या एकाच सामन्यात, 14 इनिंगमध्ये, 194 चेंडू टाकले. देशभर बोंबाबोंब झाली. कोवळ्या वयात कोपराचा अस्थिबंध फाटून शस्त्रक्रिया कराव्या लागणाऱ्या पोरांची संख्या डॉक्टरांना आधीच अस्वस्थ करत होती. त्याच वर्षी मेजर लीग बेसबॉल ही व्यावसायिक लीग आणि यूएसए बेसबॉल ही राष्ट्रीय संघटना यांनी वयानुसार मर्यादा सुचवल्या: सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने दिवसाला जास्तीत जास्त 105 चेंडू, आणि 80 च्या पुढे गेला तर चार दिवस विश्रांती. हायस्कूलच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या राष्ट्रीय महासंघाने 2017 च्या हंगामापासून प्रत्येक राज्याला चेंडूंच्या संख्येवर आधारित मर्यादा घालणं भाग पाडलं. राज्यांनी आपापले आकडे ठरवले, बहुतेकांचे शंभर ते सव्वाशेच्या दरम्यान.

याचा रोजचा व्यवहार बघण्यासारखा असतो. दोन्ही डगआउटमध्ये एकेक जण हातात टिकटिक करणारा काउंटर घेऊन बसलेला असतो, बहुतेक वेळा दुखापतीमुळे बाहेर असलेला मुलगा किंवा कुणाची तरी आई. इनिंग संपली की दोघं आपापला आकडा ताडून बघतात: ‘सदुसष्ट?’ ‘माझे अडुसष्ट.’ फाउल झालेला एक चेंडू कुणीतरी विसरलेला असतो. तो सापडेपर्यंत हुज्जत चालते, मग वहीत नोंद होते. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, कितीही फॉर्मात असला, अंतिम सामना असला, तरी आकडा गाठला की तो खाली येतो. कुणाच्या मर्जीचा त्यात प्रश्नच नाही. मुलाच्या खांद्यावर त्याचा स्वतःचा, त्याच्या बापाचा आणि प्रशिक्षकाचा एकाच वेळी डोळा असतो. तिघांपासूनही त्याला हा आकडा वाचवतो.

शंभर पावलांवर, त्याच शाळेच्या दुसऱ्या मैदानावर, सॉफ्टबॉलची पिचर आठवड्यातला तिसरा सामना टाकत असते. शनिवारी एकापाठोपाठ दोन सामने असले तर दोन्हीही तीच टाकते. तिच्यासाठी राष्ट्रीय महासंघाने असं कुठलंही बंधन राज्यांवर घातलेलं नाही. कारण काय, तर खालून टाकलेला चेंडू म्हणजे नैसर्गिक हालचाल, त्याने काही होत नाही, अशी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली समजूत. अलाबामातल्या बर्मिंगहॅम इथल्या अमेरिकन स्पोर्ट्‌स मेडिसिन इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी ही समजूत 1998 मध्येच तपासली होती. बेसबॉलच्या चेंडूमर्यादा ज्यांच्या अभ्यासांवर बेतल्या त्यांपैकीच हे लोक. हात गरकन फिरवून खालून टाकतानाही खांद्यावर येणारा ताण वरून टाकणाऱ्याच्या तोडीचा असतो, असं त्यांना आढळलं. दुखापतीचा प्रकार वेगळा असेल, कोपराऐवजी खांदा आणि दंडाचा पुढचा भाग धरत असेल, पण हाड-स्नायूंना हंगामात विश्रांती लागते हे दोघांनाही सारखंच.

यावर प्रशिक्षक म्हणतात, आमच्याकडे पिचरच दोन आहेत, मर्यादा घातली तर संघ उतरवायचा कसा? अडचण खरी आहे. लहान शाळांच्या बेसबॉल प्रशिक्षकांनी 2017 च्या आधी अगदी हेच म्हटलं होतं. मग नियम आला, आणि शॉर्टस्टॉप, फर्स्ट बेसमन अशा क्षेत्ररक्षकांना पिचिंग शिकवलं गेलं. नियम नसेपर्यंत तिसरी पिचर तयार करण्याची गरज कुणालाच वाटत नाही, कारण पहिली अजून फेकू शकते आहे. महासंघ हलेल तेव्हा हलेल. शाळेला आपल्यापुरता आकडा ठरवायला कोणी अडवलेलं नाही, त्याला डॉलर लागत नाहीत, बूस्टर क्लबही लागत नाही. काउंटर तर शाळेत आधीच आहे. एखादी शाळा पैसे नाहीत म्हणते तेव्हा मला हीच गोष्ट आठवते. जिथे पैसा मुळात लागतच नाही तिथेही मुलींचे चेंडू मोजायचं कुणाला सुचलं नाही.

मुलगे बेसबॉल आणि मुली सॉफ्टबॉल ही वाटणी तरी कुठून आली? 1887 मध्ये शिकागोत सॉफ्टबॉलचा पहिला प्रकार खेळला गेला तो पुरुषांमध्येच, हिवाळ्यात घरात खेळता यावा म्हणून. मुलींचा खेळ म्हणून त्यावर शिक्का बसण्यात एका खटल्याचाही हात आहे. 1972 मध्ये न्यू जर्सीतल्या होबोकेनमध्ये मारिया पेपे ही बारा वर्षांची मुलगी लिटल लीग या लहान मुलांच्या संघटनेच्या बेसबॉल संघातून तीन सामने खेळली आणि संघटनेच्या दबावाने तिला काढलं गेलं. प्रकरण राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे गेलं, मुलींच्या बाजूने निकाल लागला, आणि 1974 मध्ये लिटल लीगला बेसबॉलचं दार उघडावं लागलं. त्याच वर्षी लिटल लीगने मुलींसाठी वेगळा सॉफ्टबॉल सुरू केला. दार उघडलं आणि बाजूला दुसरं दारही काढून दिलं. मुली कुठल्या दाराने जाणार हे मग आपोआप ठरत गेलं. 2014 च्या लिटल लीग वर्ल्ड सिरीजमध्ये सामना जिंकून देणारी पहिली मुलगी पिचर ठरलेली फिलाडेल्फियाची मोने डेव्हिस, तेरा वर्षांची, साऱ्या देशाच्या तोंडी होती. कॉलेजात ती खेळली ती सॉफ्टबॉल. हायस्कूलच्या बेसबॉल संघांत आज देशभरात मुली आहेत त्या हजार-दीड हजार.

आपल्याकडे, गंमत म्हणजे, ही वाटणी नाही. महाराष्ट्रात शालेय सॉफ्टबॉल मुलगेही खेळतात, बेसबॉलच्या शालेय स्पर्धा मुलींच्याही होतात. जळगाव-अमरावतीकडच्या एखाद्या मुलाला सॉफ्टबॉल हा मुलींचा खेळ आहे म्हणून सांगितलं तर तो आधी हसेल आणि मग आपलं प्रमाणपत्र दाखवेल. आपल्याकडच्या मैदानांची अवस्था काय असते ते मला माहीत आहे, त्यामुळे यात फुशारकी मारण्यासारखं फार नाही. पण वाटणी निसर्गाने केलेली नाही हे कळायला एवढं पुरेसं आहे.

अमेरिकेतली मराठी घरं या वादापासून अजून बरीच लांब आहेत. मुलांना टेनिस, रोबोटिक्स, फार तर क्रिकेट. पण तिथेच जन्मलेल्या पिढीतल्या मुली आता सॉफ्टबॉलच्या संघांत दिसू लागल्या आहेत, चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा घालून थर्ड बेसवर उभ्या असतात आणि डगआउटमधून ताल धरून गाणी म्हणतात, जी त्यांच्या आज्यांना फोनवर ऐकवली तर भोंडल्याची आठवण यावी. आईवडील सामन्याला येतात, हॉटडॉगच्या खिडकीत पाळी करतात, वर्गणी देतात, आणि मैदानाबद्दल बोलत नाहीत. ‘उगाच कशाला, प्रशिक्षक पोरीला बाकावर बसवेल’ हे कारण मी अनेकांकडून ऐकलं आहे. भीती निराधार नाही. कॅलिफोर्नियातल्या चुला व्हिस्टा इथल्या कॅसल पार्क हायस्कूलमध्ये मुलींच्या वाईट सोयींबद्दल तक्रारी झाल्यावर सॉफ्टबॉलच्या प्रशिक्षकालाच काढलं गेलं. खटला 2007 मध्ये सुरू झाला, 2014 मध्ये अपील न्यायालयाने मुलींच्या बाजूचा निकाल कायम केला, तोवर तक्रार करणाऱ्या मुली हायस्कूल सोडून कधीच्या पुढे गेल्या होत्या. पण त्याच निकालाने प्रशिक्षकाला काढणं ही सूडाची कारवाई होती यावरही शिक्कामोर्तब झालं. तक्रार करणाऱ्यावर सूड उगवणं हाही टायटल नाइनचाच भंग, असं सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये अलाबामातल्या एका मुलींच्या बास्केटबॉल प्रशिक्षकाच्या खटल्यात सांगून ठेवलं आहे. संरक्षण आहे, ते वापरायला वेळ लागतो, एवढंच.

केंद्र सरकारकडून आता फार आशा करू नये. शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाच्या बारापैकी सात प्रादेशिक शाखा बंद करण्याचा निर्णय मार्च 2025 मध्ये झाला. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया त्यात आल्या. तक्रार पाठवून उत्तराची वाट बघत बसणारी मुलगी तोवर पदवी घेऊन बाहेर पडेल. म्हणजे जे व्हायचं ते शाळा-मंडळाच्या बैठकीत. तिथे आपल्या लोकांना कसं बोलायचं हे शिकवायची गरज नाही. न्यू जर्सीतल्या कित्येक मंडळांनी दिवाळीची सुट्टी दिली ती आईबापांनी बैठकीला जाऊन, माइकपुढे आपल्या वाट्याच्या दोन-तीन मिनिटांत शांतपणे मुद्दा मांडून, पुन्हा पुढच्या महिन्यात जाऊन मिळवली. गणिताचा वरचा वर्ग काढून टाकायचं नुसतं घाटलं तरी निम्मा हॉल आपल्या लोकांनी भरतो. त्याच माइकपुढे उभं राहून विचारायचं, की प्रत्येक शाळा-मंडळाला नेमावा लागणारा टायटल नाइनचा समन्वयक आपल्याकडे कोण आहे, आणि दोन मैदानांची तुलना त्याने शेवटची कधी केली. बूस्टर क्लबकडून स्वीकारलेल्या देणग्यांची नोंद मंडळाकडे असायला हवी, तीही मागायची. आणि सॉफ्टबॉलच्या पिचरने गेल्या हंगामात किती चेंडू टाकले तेही विचारायचं. या शेवटच्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी उत्तर मिळणार नाही, कारण कोणी मोजलेलेच नसतात.

मात्र हे हंगाम चालू असताना विचारून उपयोग नाही. पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाची जुळवाजुळव हिवाळ्यातच सुरू होते. एप्रिलमध्ये मैदानावर उभं राहून चिडलेल्या पालकाला ‘यंदा उशीर झाला’ असं सांगितलं जातं, आणि ते खरंही असतं. बैठकीला जायचं तर नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी, जेव्हा दोन्ही मैदानं रिकामी असतात आणि बेसबॉलवाल्या वडिलांनाही बाजूला बसवून बोलता येतं.